नोकरी एकीची, बिऱ्हाड चौघांचं

इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांना गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक पुरत नाहीत, हे तिथलं जुनं दुखणं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने परदेशी शिक्षकांना मान्यता देण्याची पद्धत बदलली आणि भारतात शिकून भारतातच शिकवलेल्यांनाही अर्जाची वाट मोकळी झाली. या वाटेविषयी जे सांगितलं जातं ते बहुतेक पगाराविषयी आणि व्हिसाविषयी असतं. घरातल्या बाकीच्यांचं काय होतं, ते कोणत्या क्रमाने स्थिरावतात, कुठे अडतात, हे फारसं कुणी सांगत नाही. शिक्षिकेला शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामावून घेते. तिच्यामागे आलेल्या माणसांना मात्र कोणतीही संस्था आपणहून सामावून घेत नाही. ते काम घरानेच करायचं असतं, आणि त्याला एक क्रम आहे.

तो क्रम समजावा म्हणून एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. समजा, नाशिकची एक शिक्षिका. भौतिकशास्त्रात एमएस्सी, बीएड, दहा वर्षांचा अनुभव. नवरा खासगी कंपनीत हिशेब पाहतो. मुलगी तेरा वर्षांची, सेमी-इंग्रजी शाळेत आठवीत. मुलाला जूनमध्ये पाच पूर्ण झाली, तो सिनिअर केजीत. वर्ष २०२६ धरू.

सुरुवात क्यूटीएसपासून. तिथल्या शाळेत पूर्ण पात्रतेची शिक्षिका म्हणून मिळणारी ही मान्यता. भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी विषय गणित, विज्ञान किंवा भाषा असावा लागतो आणि ११ ते १६ वर्षांच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असावी लागते. पदवी, बीएड, बीएडनंतर निदान एक वर्ष शिकवल्याचा दाखला आणि इंग्रजीचा पुरावा एवढं लागतं. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांना ही वाट सध्या नाही. शिवाय ही मान्यता फक्त इंग्लंडची. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे, म्हणून जाहिरातीत ‘यूके’ लिहिलेलं असलं तरी शाळा नेमकी कुठे आहे ते आधी पाहावं.

क्यूटीएस हातात नसतानाही परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला तिथल्या सरकारी शाळेत चार वर्षांपर्यंत शिकवता येतं, आणि काही जण तसेच जातात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. अपात्र शिक्षकाची वेतनश्रेणी वेगळी आणि बरीच खालची असते. पात्र शिक्षकाची मुख्य श्रेणी लंडन आणि त्याचा परिसर सोडता २०२५-२६ मध्ये ३२,९१६ पौंडांपासून सुरू होते आणि सहाव्या पायरीवर ४५ हजारांच्या थोडी वर जाते. आता कळीचा मुद्दा असा की भारतातल्या दहा वर्षांच्या अनुभवाची किंमत किती धरायची, हे शाळा ठरवते. कायदा तिला त्या बाबतीत बांधत नाही. म्हणजे हीच बाई पहिल्या पायरीवरही नेमली जाऊ शकते आणि पाचव्यावरही. बोलायची वेळ एकच, नेमणूक स्वीकारण्याआधीची. आपल्याकडे मुलाखतीत पगाराचं बोलणं अवघड वाटतं, पण तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ‘माझ्या अनुभवानुसार मला कोणत्या पायरीवर नेमणार?’ एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

पहिल्या पायरीचा पगार हातात किती येतो, तेही पाहू. १२,५७० पौंडांपर्यंत प्राप्तिकर नाही, त्यापुढे वीस टक्के. नॅशनल इन्शुरन्स आठ टक्के. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन योजनेचा हप्ता सात टक्क्यांच्या थोडा वर. सगळं वजा जाता महिन्याला साधारण २,१०० पौंड उरतात. चौघांचं घर एवढ्यावर चालवणं फार ओढाताणीचं आहे. पाचव्या पायरीवर तीच ओढाताण बरीच सैल होते, म्हणून त्या एका प्रश्नाला मी इतकं महत्त्व देते. निवृत्तिवेतनाचा हप्ता वाचवण्यासाठी योजनेतून बाहेर पडावं असा सल्ला काही जण देतात. शाळा आपल्या बाजूने त्यात पगाराच्या पाव हिश्शाहून अधिक रक्कम घालत असते. ती सोडू नये.

एजंटांबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी शोधणाऱ्याकडून नोकरी लावून देण्याची फी घेता येत नाही. व्हिसासाठी शाळेने द्यायच्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा खर्चही शाळेनेच सोसायचा असतो. त्या कागदाचे पैसे कुणी मागत असेल तर तिथेच थांबावं.

आता खर्चाची बाजू, कारण पहिला मोठा धक्का इथे बसतो. व्हिसाच्या फीखेरीज आरोग्य अधिभार एकरकमी आगाऊ भरायचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला ७७६ पौंड आहे. पाच वर्षांचा व्हिसा घेतला तर या चौघांचा अधिभार १८,११० पौंड होतो, म्हणजे वीस लाख रुपयांहून जास्त, आणि तोही पहिला पगार हातात येण्याआधी. तीन वर्षांचा घेतला तर १०,८६६ पौंड. काही शाळा शिक्षिकेचा अधिभार स्वतः भरतात, काही उसने देऊन पगारातून वळते करतात. नातेवाइकांचा क्वचितच भरतात. शिवाय निर्वाहाची रक्कम अठ्ठावीस दिवस खात्यात दाखवावी लागते. तिला १,२७०, नवऱ्याला २८५, पहिल्या मुलाला ३१५ आणि दुसऱ्याला २००, मिळून २,०७० पौंड. शाळेने ‘पहिल्या महिन्याची जबाबदारी आमची’ असं त्या सर्टिफिकेटात नमूद केलं तर ही अट उरत नाही, म्हणून तेही विचारून घ्यावं. क्षयरोगाची तपासणी चौघांची करायची असते. शाळेत काम करणार म्हणून पोलिसांचा दाखला लागतो, तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो.

यानंतर प्रश्न येतो तो कुणी कधी जायचं याचा. ‘आधी ती जाऊ दे, जम बसला की वर्षभराने आपण जाऊ’ हा आपल्याकडचा सावध विचार. तो मला पटत नाही, आणि त्याचं एक कायदेशीर कारणही आहे, त्याकडे शेवटी येते. तिने जुलैच्या मध्याला पुढे जावं आणि बाकीच्यांनी तीन-चार आठवड्यांत पाठोपाठ यावं, हे मला सगळ्यांत बरं वाटतं. या आठवड्यांत तिचं काम एकच आहे. पत्ता मिळवणं.

कारण तिकडे प्रत्येक गोष्ट पत्त्यावर अडते. बँक पत्त्याचा पुरावा मागते. घरमालक बँकेचं खातं आणि पगाराची पावती मागतो. मुलांच्या शाळाप्रवेशाच्या अर्जाला पत्ता हवा. पगाराला खातं हवं, खात्याला पत्ता हवा, पत्त्याला पगार हवा. ही गाठ एका टोकाला धरून सोडवावी लागते, आणि ते टोक म्हणजे शाळेचं पत्र. नेमणूक, वार्षिक पगार आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र शाळेच्या कार्यालयाकडून निघण्याआधीच मागवून ठेवावं. ते दाखवून इस्टेट एजंटाशी बोलता येतं. व्हिसा आता प्लास्टिकच्या कार्डावर नसतो, तो ऑनलाइन असतो. त्यातून ज्या कारणासाठी हवा त्याचा शेअर कोड काढायचा. भाड्यासाठीचा कोड टाकून घरमालकाला भाड्याने राहण्याचा हक्क तपासता येतो, तर कामासाठीचा कोड टाकून शाळेला काम करण्याचा हक्क. फक्त ॲपवर चालणाऱ्या बँका तात्पुरत्या पत्त्यावरही बहुधा खातं उघडून देतात. पहिला महिना एखादी खोली भाड्याने घ्यावी किंवा ओळखीच्यांकडे राहावं आणि तोच पत्ता खात्याला द्यावा.

तिकडच्या पतव्यवस्थेत आपली काहीच नोंद नसते. दहा वर्षं वेळेवर फेडलेलं नाशिकचं गृहकर्ज तिथे दिसत नाही. म्हणून घरमालक जामीनदार मागतात, आणि सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागण्याचीही पद्धत होती. भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा १ मे २०२६ पासून लागू होत असून त्यानुसार नव्या भाडेकरूकडून एका महिन्याहून अधिक भाडं आगाऊ घेता येत नाही. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी आणि ती तीस दिवसांत सरकारमान्य संरक्षण योजनेत जमा व्हावी, हा नियम आधीपासूनच आहे. ती जमा झाल्याचा कागद मागून घ्यावा.

भाड्याच्या वर काउन्सिल टॅक्स येतो, हे बऱ्याच जणांना घरात गेल्यावर कळतं. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, तिथे हा कर राहणाऱ्याने भरायचा. घराच्या वर्गानुसार तो कमी-जास्त असतो आणि साधारणपणे वर्षात दहा हप्त्यांत जातो. घर पाहायला जाल तेव्हा वर्ग कोणता, हे विचारायचं. किल्ल्या हातात आल्या की त्याच दिवशी गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो काढायचे, म्हणजे आधीच्या भाडेकरूचं बिल आपल्या माथी येत नाही. भिंतींचे, गालिच्याचे, ओट्याचेही फोटो काढून ठेवावेत. अनामत परत घेताना तेच कामाला येतात. बहुतेक घरं रिकामी मिळतात, म्हणजे पलंगसुद्धा नसतो. एक गोष्ट आवर्जून सांगते. खिडक्या बंद ठेवून घरात कपडे वाळवले की भिंतींना बुरशी धरते, आणि थंडीत तर फार लवकर धरते. कितीही गारठा असला तरी दिवसातून थोडा वेळ खिडकी उघडायची. फोडणी घालताना पंखा लावून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचं, नाहीतर धुराचा अलार्म सगळी इमारत जागी करतो.

घर कुठे घ्यावं? तिच्या शाळेजवळ की मुलांना मिळू शकेल अशा शाळेजवळ? मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, आणि त्याचं कारण वेळापत्रकात आहे. तिची शाळा साडेआठला भरते, म्हणजे ती आठला तिथे हवी. मुलाची प्राथमिक शाळा पावणेनऊच्या सुमारास उघडते आणि सव्वातीनच्या आसपास सुटते. इतक्या लहान मुलाला मोठ्या माणसाने नेऊन सोडायचं आणि दारात घ्यायला उभं राहायचं. तेरा वर्षांच्या ताईच्या हाती त्याला सोपवायला बऱ्याच शाळा तयार नसतात. म्हणजे जी बाई दीडशे मुलांना शिकवायला गेली आहे, तिला स्वतःच्या मुलाला शाळेत सोडता येत नाही. शिक्षकाच्या घरातला हा पेच कायमचा आहे. सकाळचा ब्रेकफास्ट क्लब आणि दुपारनंतरचा आफ्टर-स्कूल क्लब हे उपाय आहेत, पण जागा मोजक्या असतात आणि बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. घर मुलाच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलं तर निम्मा प्रश्न सुटतो. शिवाय आणखी एक नियम आहे. मुलाला उलटी किंवा जुलाब झाले तर शेवटच्या त्रासानंतर अठ्ठेचाळीस तास त्याला शाळेत पाठवता येत नाही. पहिल्या हिवाळ्यात हे हमखास घडतं. त्या दोन दिवसांत घरी कोण राहणार, हे नवऱ्याने कोणती नोकरी घ्यावी याच्याशी जोडलेलं आहे.

प्रवेशाची रीत अशी. वर्षाच्या मधल्या प्रवेशासाठी स्थानिक काउन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे अर्ज करायचा. देणगी नाही, मुलाखत नाही, सरकारी शाळेत फी नाही. जागा रिकामी असेल तर ती मिळते. नसेल तर प्रतीक्षायादी, आणि यादीत वर-खाली होण्यात घराचं अंतर मोजलं जातं. अर्जाचा निर्णय पंधरा शालेय दिवसांत द्यावा असा नियम आहे. या नियमातला ‘शालेय’ शब्द महत्त्वाचा. ऑगस्टमध्ये शालेय दिवसच नसतात, त्यामुळे १ ऑगस्टला केलेल्या अर्जाचं उत्तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातही येऊ शकतं. तेवढे दिवस मुलं घरी राहणार हे धरूनच चालायचं आणि नवऱ्याने त्या काळात नोकरीची घाई करायची नाही.

इयत्ता वयावर ठरते. आधी कुठे शिकत होता याला महत्त्व नाही, आणि तारीख १ सप्टेंबरची. आपला पाच वर्षांचा सिनिअर केजीवाला थेट इयर वनमध्ये बसतो. त्याच्या वर्गातल्या मुलांनी आदल्या वर्षी रिसेप्शन या वर्गात अक्षरध्वनी गिरवलेले असतात, आणि जूनमध्ये त्यांची ध्वनिवाचनाची सरकारी चाचणी असते. म्हणून निघण्याआधीच्या उन्हाळ्यात त्याला पाढे किंवा शब्दांची स्पेलिंग घोकायला लावू नये. अक्षरांचे ध्वनी ऐकवावेत, बोलू द्यावं. इयर वनला शाळेतलं दुपारचं जेवण फुकट असतं, शाकाहारी पर्यायही असतो. पहिले काही आठवडे तो भुकेला घरी येईल. येऊ द्यावं, मुलं लवकर शिकतात.

मुलीचं जास्त नाजूक आहे. तेरा पूर्ण म्हणजे इयर नाइन, आणि याच वर्षी वसंतात तिला जीसीएसई या तिथल्या शालान्त परीक्षेचे विषय निवडायचे असतात. अकरावीच्या प्रवेशासारखी शाखा नाही. गणित, इंग्रजी, विज्ञान सक्तीचं आणि इतर तीन-चार विषय आवडीचे. वर्षभर उशीर झाला तर ती इयर टेनमध्ये येईल, जिथे बाकीच्या मुलांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झालेला असेल. त्याहून उशिरा आणणं मी कुणालाही सुचवणार नाही. सेमी-इंग्रजीतल्या मुलीला गणित आणि विज्ञानाच्या संज्ञा येत असतात, म्हणून गणितात तिला बहुधा वरच्या गटात ठेवतात. इंग्रजीत मात्र खालच्या. तिला यात अपमान वाटेल. हे गट वर्षभरात बदलतात, हे तिला आधीच सांगून ठेवावं. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, दप्तरात पाठ्यपुस्तकं जवळपास नसतात, आणि पालकसभा म्हणजे प्रत्येक शिक्षकासोबत पाच-दहा मिनिटांची भेट. आईला हे सगळं आतून कळत असतं, हा या कुटुंबाचा मोठा फायदा. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू या भाषांत जीसीएसई देता येते, मराठीत देता येत नाही. मराठी जपायची तर घरी. किंवा मंडळांच्या शनिवार-रविवारच्या वर्गांत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, आणि इतर शहरांतही मंडळं आहेत.

आरोग्याचं काम पहिल्याच आठवड्यात उरकावं. जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, चौघांची नावं नोंदवायची. त्याला वेगळी फी नाही, अधिभारातच ते आलं. मुलांच्या लसीकरणाची कार्डं मूळ प्रतीत न्यावीत. मुलीच्या बाबतीत एक गोष्ट निसटते. तिथे एचपीव्हीची लस इयर एटमध्ये शाळेतच दिली जाते, आणि ती इयर नाइनमध्ये येत असल्यामुळे तिची चुकलेली असते. मागितली की राहिलेली लस मिळते, पण मागावी लागते. इयर नाइनच्या दोन लसी मात्र शाळेतच होतील. दातांचं काम नाशिकलाच पूर्ण करून निघावं, कारण एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, दंतवैद्य नव्या माणसाला मिळणं बऱ्याच भागांत मुश्कील झालं आहे. नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांची सोबत घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवावी. साध्या तापाला तिथे प्रतिजैविकं देत नाहीत. त्याने घाबरू नये.

नवऱ्याला या व्हिसावर जवळपास कोणतंही काम करता येतं, हे या वाटेचं मोठं बळ आहे. तरी पहिलं वर्ष त्याचंच सगळ्यांत कठीण जातं. तिला शाळेत सहकारी मिळतात, मुलांना वर्ग मिळतो. त्याला कुणीच आयतं मिळत नाही. भारतातला हिशेबाचा अनुभव तिथल्या पहिल्या मुलाखतीत कमी मोजला जातो. पहिलं काम अनुभवापेक्षा खालच्या दर्जाचं असेल, कदाचित अर्धवेळ असेल, आणि ते मुलाच्या वेळेशी जुळवून घेतलेलं असेल. हे सगळं निघण्यापूर्वी दोघांनी मोकळेपणाने बोलून घेतलं पाहिजे. ‘तुझ्यासाठी मी आलो’ हे वाक्य घरात उच्चारायची वेळ येऊ नये एवढी तयारी त्या बोलण्यातून व्हावी. भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख कित्येक महिने मिळत नाही, म्हणून आल्याबरोबर अर्ज करावा.

तिच्या वर्गाविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली तरी खालच्या वर्गांना तिला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रही शिकवावं लागेल, तेव्हा जुन्या वह्या उघडाव्यात. दुसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. रुजू होताच ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ हा सरकारी दस्तऐवज वाचावा लागतो, आणि तो खरोखर वाचावा. मुलाने ‘मिस, कुणाला सांगू नका’ असं म्हणून घरातलं काही सांगितलं तर गुप्ततेचं वचन देता येत नाही. त्या कामासाठी नेमलेल्या शिक्षकाला त्याच दिवशी कळवायचं असतं. आपल्याकडची प्रेमळ बाई मुलाच्या विश्वासाला जागते. तिथे जागणं म्हणजेच कळवणं.

वर्षाचं चक्र शाळेभोवती फिरतं, तिचंही आणि मुलांचंही. सत्राच्या मध्ये रजा तिला मिळत नाही आणि मुलांना नेताही येत नाही. पाच शालेय दिवस विनापरवानगी बुडवले तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला १६० पौंड दंड होतो, एकवीस दिवसांत भरला तर ८०. दोन मुलं, दोन पालक, म्हणजे लवकर भरूनही ३२०. म्हणून भारतात यायचं ते नाताळात किंवा जुलै-ऑगस्टात, जेव्हा विमानाची तिकिटं महाग असतात आणि नाशिकला पाऊस असतो. मे महिन्यातलं मावसबहिणीचं लग्न चुकणार. गणपती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आले, सुट्टीत. २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला येतात, म्हणजे शाळा नुकती सुरू झालेली. दिवाळी २०२४ मध्ये ऑक्टोबरअखेरच्या मधल्या सुट्टीत बसली होती, २०२६ मध्ये ती सुट्टी संपल्यावर आठवड्याने येते. सणाच्या दिवसापुरती मुलांची रजा धार्मिक कारणाने मंजूर होऊ शकते, तसा अर्ज आधी करावा. फराळाचं सामान लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला, साउथॉलला, वेम्ब्लीला सगळं मिळतं.

नोकरी बदलायचीही ठरलेली वेळ असते. राजीनामे साधारणपणे ऑक्टोबरअखेर, फेब्रुवारीअखेर आणि मेअखेर दिले जातात. व्हिसा त्या शाळेशी बांधलेला असतो. नोकरी सुटली तर नवी प्रायोजक शाळा शोधायला सर्वसाधारणपणे साठ दिवस मिळतात, आणि घड्याळ चौघांचं एकदमच सुरू होतं. म्हणून दुसरी शाळा पक्की झाल्याशिवाय, आणि तिच्याकडे प्रायोजक म्हणून परवाना आहे याची खात्री केल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

आता सगळ्यांनी पाठोपाठ जाण्यामागच्या त्या कायदेशीर कारणाकडे. कायम वास्तव्याचा हक्क या व्हिसावर आजवर पाच वर्षांनी मागता येत आला आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. अर्ज करण्याआधी त्यातलं काय लागू झालं आहे ते सरकारी संकेतस्थळावर पाहावं, कारण आपल्या मुलीचं गणित त्यावर अवलंबून आहे. २०२६ च्या सप्टेंबरात इयर नाइनमध्ये बसलेली मुलगी २०३१ च्या शरदात विद्यापीठात जाईल. त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी तिच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल तर तिला स्थानिक विद्यार्थ्याची फी, नसेल तर परदेशी विद्यार्थ्याची, आणि ती सहसा दुप्पट-तिप्पट असते. स्थानिक फीची कमाल मर्यादा २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंड होती. पाच वर्षांचा नियम राहिला तर २०२६ च्या जुलैत सुरू झालेला व्हिसा २०३१ च्या जुलैत पाच वर्षं पूर्ण करतो, सत्र सुरू व्हायला जेमतेम दोन महिने असताना. सामान्यतः मुलांना हा हक्क मिळतो तो आई आणि वडील दोघांनाही मिळतो तेव्हा. नवरा वर्षभराने गेला तर त्याची पाच वर्षं २०३२ मध्ये भरतील आणि मुलीचा अर्ज त्याच्यासाठी थांबेल. नियम दहा वर्षांचा झाला तर परदेशी फीचे पैसे बाजूला टाकायला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल, किंवा पदवीसाठी तिने भारतात परतायचं हे आताच धरून चालावं लागेल. तिकिटाच्या तारखा काढण्यापूर्वी मुलीला समोर बसवून हा हिशेब तिच्यासोबतच मांडावा.